एका खुंट्याची दोन गाणी

संतपूरच्या राजूबाईचं टाळकं सटकलं. सटकायलाच पाहिजे होतं म्हणा.

गावात कुणाच्याही लग्नाची हळद दळायची तर जात्यावर दोघीच बसायच्या, राजूबाई आणि शेजारची सावित्रम्मा. खुंटा एक, त्याच्यावर हात दोघींचे. राजूबाईनं मराठीत विचारायचं, "सई गं, पोर कुणाच्या दारी चालली?" सावित्रम्मानं कानडीत उत्तर द्यायचं. उत्तर पुरं झाल्याबिगर पुढचा सवाल नाही, आणि एकटीनं तर गायचंच नाही. चाळीस वर्षं हे असं चाललं.

दोन वर्षांमागं गुलबर्ग्याच्या एका लोकगीत संग्रहालयातून सुनीलकुमार नावाचा पोरगा आला आणि दोघींचं गाणं रेकॉर्ड करून घेऊन गेला. मागच्या उन्हाळ्यात सावित्रम्मा गेली. तेव्हापासून राजूबाईनं एकाही हळदीला तोंड उघडलं नाही. सईचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढ्यासाठी आज नात ज्योतीला घेऊन ती बसनं गुलबर्ग्याला आली होती.

सुनीलकुमारनं खुर्ची दिली, पाणी दिलं, बटण दाबलं. "सई गं, पोर कुणाच्या दारी चालली?" राजूबाईनं मान पुढं केली. लगेच तिचाच दुसरा सवाल आला. मग तिसरा.

"माजी सई कुटाय रे?"

"त्या पलीकडच्या खोलीत, आजी. तुमचं ओवीत घातलं, त्यांचं कानडी दळणाच्या पदांत. फॉर्मवर गीतप्रकार एकच लिहायला येतो. म्हणून कापून दोन गाणी केली."

"आन् मूळचं?"

पोरगा फरशीकडं बघायला लागला. "ठेवलं न्हाई. मशीनमधी जागा नव्हती."

"आरं मुडद्या!" राजूबाई ताडकन उठली. "तुज्या कागदात बसंना म्हणून गाणं कापलास? उद्या माणूस खाटंवर मावला न्हाई तर पाय तोडशील व्हय? आमी हळद दळायलो तवा कुणी इचारलं न्हाई, परकार कंचा म्हणून. लग्नं लागली, लेकरं झाली, कुणाचं काय अडलं?"

"आजी, नियम आहे…"

"चुलीत घाल तुजा नियम! दोन्ही एकदम लाव. जुळव परत."

त्यानं पलीकडचं यंत्र आणलं, टेबलावर शेजारी ठेवलं, दोन्ही बटणं एकदम दाबली. सावित्रम्माचा तो घोगरा आवाज आला आणि राजूबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण मधल्या जागा कापून टाकलेल्या. राजूबाईचा सवाल अर्धा होतोय तोवर सावित्रम्माचं उत्तर त्याच्यावर आदळायचं, ते पुरं व्हायच्या आत पुढचा सवाल. दोघी एकमेकींवर नुसत्या ओरडत होत्या. ज्योतीनं कानांवर हात ठेवले.

"बंद कर," राजूबाई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता.

सुनीलकुमारनं बंद केलं.

"चाळीस वर्सांत आमी एकदाबी एकमेकीचं बोलणं तोडलं न्हवतं," ती म्हणाली. "तू मेलेल्या बाईसंगं माजं भांडण लावलास रे."