तुडतुड्याचं नाव

सकाळी रुचिकानं दार उघडलं तर अंगणात हळदकुंकू लावलेलं फुटकं मडकं पडलेलं. तिनं ते झाडून काढलं आणि दाराला आतून कडी घातली.

ऐन लोंबीवर आलेला गावचा धान करपला होता. ही करणी आहे म्हणत मांत्रिकानं बोट दाखवलं ते रुचिकाच्या विधवा सासूकडे, धुरपताबाईकडे. झालं! शहाणीसुरती माणसंही माना डोलवू लागली. आज बाईला चावडीपुढं उभं करायचं ठरलं होतं. शेजारच्या गावात अशीच उभी केलेली म्हातारी जिवंत परतली नव्हती.

दुपारी लोकांनी कडी तोडली. धुरपताबाईला ओढत चावडीपुढं आणलं, तोच नुकसान पाहायला आलेल्या आमदार ताराचंदभाऊंची गाडी थांबली. हाच माणूस मागे एकदा विधानसभेत धानाची करपलेली पेंढी उंचावून गरजला होता, "ही तुडतुड्याची कीड आहे, शेतकऱ्याला भरपाई द्या!" त्या भाषणावर ते दुसऱ्यांदा निवडून आले होते.

"भाऊ, तुमी मधात पडू नका," गोपीचंद म्हणाला. गावची मतं त्याच्याच शब्दावर पडत. "गावाचा मामला आहे."

ताराचंदभाऊंनी मान खाली घातली. खुर्ची जायची भीती फार वाईट! "कायदा बघून घेईल," असं पुटपुटत ते गाडीकडं वळले.

रुचिका आडवी आली. "तिकडं तुडतुडा म्हनलं ना, भाऊ? आमी टीव्हीवर पायलं. मंग इथं काहून नाही म्हनून राहिले?"

भाऊंनी गाडीच्या दाराला हात घातला. मागं धुरपताबाई किंचाळली. कुणीतरी तिचे केस धरले होते.

"सोडा तिले!" त्यांचा आवाज चिरकला. "धान तुडतुड्यानं खाल्ला. या बाईनं नाही."

"मंग मतं तुडतुड्यालेच मागा!" गोपीचंद ओरडला.

भाऊंनी ड्रायव्हरला पोलीस आणायला लाखनीच्या ठाण्यावर पिटाळलं, बाईला हाताला धरून घरी आणलं आणि तिच्याच ओट्यावर बसले. गर्दी मागोमाग आली.

धुरपताबाईनं पाण्याचा गडवा पुढं केला. तिच्या हातचं पाणी गावानं केव्हाच टाकलं होतं. भाऊ प्यायले, तेव्हा त्यांचे दात गडव्यावर वाजत होते.

"भेव लागते का, भाऊ?"

"लागते, माय."

"मलेबी," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

गाडी अजून दिसत नव्हती. समोर हातात काठ्या घेऊन गाव उभं होतं. आणि वाचकहो, यंदाची भरपाई मागताना त्यातला प्रत्येक जण तुडतुड्याचंच नाव सांगून आला होता.