भोंग्याचा सोबती

धाकट्याला घरात सगळे भोंगा म्हणत. त्याचं तोंड एकदा सुरू झालं की समोरच्याने आपलं म्हणणं गिळून टाकावं, दुसरा इलाज नव्हता. त्याची ताई बसमध्ये कंडक्टर. दिवसभर प्रवाशांवर ओरडणारी, पण घरी त्याच्यापुढे तिचीही डाळ शिजत नसे. युद्ध पेटलं, पठ्ठ्या हवाई दलात भरती झाला आणि बॉम्बर विमानात नेमका वायरलेसवर बसला.

"आई, आता याच्या बडबडीला सरकार पगार देणार!" ताई म्हणाली. आई हसून हसून बेजार झाली.

लढाईवर जायची वेळच आली नाही. सरावाच्या उड्डाणात धुकं दाटलं आणि विमान टेकडीवर आदळलं. आतलं कुणीच वाचलं नाही. शत्रू राहिला कुठल्या कुठे, अन् पोरगं आपल्याच टेकडीवर गेलं, हे आईच्या पचनी पडेना. तिने बोलणंच टाकलं.

एका रविवारी दारात एक हडकुळा जवान आला. टोपी चुरगाळत म्हणाला, "मी त्याच विमानात मागच्या मशीनगनवर असायचो. त्या दिवशी दाढ सुजली म्हणून मला उतरवलं."

ताईच्या मस्तकात सणक गेली. हा धडधाकट, आणि आमचा? ती काही बोलणार, तोच आईने खुर्ची पुढे सरकवली.

"दाढ बरी आहे का रे आता?"

"काढली, मावशी."

"आमचा भोंगा तिथे तरी गप्प बसायचा का?"

त्याने बिचकत ताईकडे पाहिलं. तिने मानेनेच 'सांग' म्हटलं.

"छे हो! त्याची बडबड सगळ्यांच्या कानात. कप्तान ओरडायचा, 'अरे, तोंड आवर, मला विमान उतरवायचंय!' तर हा म्हणायचा, 'उतरा की साहेब, पण आधी तिकीट दाखवा. ताईची सक्त ताकीद आहे!'"

आईला हसू फुटलं. हसता हसता रडू कोसळलं, मग तिघंही मनसोक्त रडली.

संध्याकाळी ताई त्याला स्टॉपवर सोडायला गेली. "खरं सांगू? तू वाचलास म्हणून मघाशी राग आला होता."

"मलाही येतो," तो म्हणाला.

"वेडा आहेस. पुढच्या सुट्टीत ये. आईने जेवणाचा बेत आत्ताच ठरवलाय."

तो आला. युद्ध संपल्यावरही येत राहिला; पुढे बायकोला घेऊन, मग कडेवर लेक घेऊन.