कपिलेच्या पोटातला आवाज

फोन उंद्रीहून होता, निवृत्तीच्या पोराचा. "सर, मी गोविंदा बोलून राह्यलो. बाबानं पाटीवर लिवलं हाय, 'मशीनमधे मी आहे.' सकाळपासून तेच दाखवून राह्यले. मले तर काही समजून नाही राह्यलं. तुमाले समजते का पाहा."

वैजनाथ सर त्या वेळी बुलढाण्याच्या आपल्या घरी वाल सोलत बसले होते. रिटायर झालेल्या नवऱ्याला बायको जी कामं काढून देते, त्यांतलंच ते एक. वाक्य ऐकलं आणि हातातली शेंग हातातच राहिली. सरांना बरोबर समजलं होतं.

निवृत्ती हा सरांच्या कॉलेजातला प्रयोगशाळेचा शिपाई. सर कॉम्प्युटर शिकवायचे; निवृत्ती कुलूप उघडायचा, झाडायचा, पोरांना चपला बाहेर काढायला लावायचा. आवाज असा खणखणीत, की त्यानं वरच्या मजल्याच्या खिडकीतून हाक मारली की गेटवरचा चहावाला कप भरायला घ्यायचा. पुढे तंबाखूच्या खर्ऱ्यानं घात केला. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्यातल्या भोकावर पांढरं फडकं आणि मांडीवर पाटी. बायकोला, शालूबाईला, बोलवायचं तर खाटेच्या पायावर स्टीलचा पेला वाजवायचा.

गोविंदानं पुढचंही सांगितलं. चार दिवसांमागे शालूबाई शेजारणीशी बोलत होती, की यांचा आवाज आता माझ्या ध्यानातच येत नाही, आठवायला गेलं की दुसऱ्याचाच येतो. निवृत्तीनं ते ऐकलं. तेव्हापासून त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं. घरातल्या सगळ्या मोबाइलांत शोधून झालं. पण व्हिडिओ सगळे लग्नाच्या वरातींतले. त्यांत डीजे होता, निवृत्ती नव्हता.

"मशीन आहे का अजून?" सरांनी विचारलं.

"कोनतं, कपिला? हाय न जी. बैठकीतच हाय."

कपिला म्हणजे गाय नव्हे. म्हणजे होती, निवृत्तीच्या गोठ्यात होती. पण तिचं नाव त्यानं एका वर्कस्टेशनला दिलं होतं. कॉलेजात नव्वदीच्या दशकात आलेलं ते परदेशी यंत्र, जेवायच्या पाटासारखं चपटं, वर गोणपाटाच्या पोत्याएवढा मॉनिटर. बाकीचे कॉम्प्युटर साधे. ही एकटीच वेगळ्या जातीची. तिच्यासोबत एक छोटा माइकही आला होता. पेटी उघडली त्या दिवशी सरांनी तो निवृत्तीच्या तोंडापुढे धरला.

"काय बोलू सर?"

"घरी बोलतोस तसं बोल."

आणि तो जे बोलला ते कपिलेच्या डिस्कमध्ये साठवून सर विसरूनही गेले. पुढे नवे कॉम्प्युटर आले, कपिला भंगारात निघाली, आणि निवृत्तीनं प्राचार्यांच्या हातापाया पडून ती बैलगाडीत घालून गावाला नेली. सगळं कॉलेज हसलं होतं. सरही हसले होते, पण मनातून त्यांना फार बरं वाटलं होतं.

"निघालात वाटतं माझ्या सवतीकडे," प्रेमलाबाई वालाची परात उचलत म्हणाल्या. नवरा माळ्यावरून जुन्या फ्लॉप्यांचा डबा काढतोय हे पाहिल्यावर त्यांना दुसरं काही विचारायची गरज नव्हती.

पण जाऊन बटण दाबलं आणि आवाज आला, इतकं ते सोपं नव्हतं. कपिलेच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब झाला होता. कॉलेजातून निघतेवेळीच ती स्वतःच्या बळावर उठत नव्हती. तिला उठवायचं तर बाहेरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टम द्यायला हवी, आणि आत शिरायचं दार एकच, फ्लॉपीचं. असली जुनी यंत्रं जिवंत ठेवणारे वेडे लोक जगभर आहेत. त्यांनी फुकट वाटलेली सिस्टम सरांच्या लॅपटॉपवर होती. अडचण होती कर्नलची.

कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. घरात कोण कोण आहे, कीबोर्ड कुठे, डिस्क कुठे, कुणाशी कसं बोलायचं, हे त्यालाच ठाऊक. तयार मिळणारा कर्नल गावजेवणाचा असतो. जगातल्या प्रत्येक उपकरणाची सोय त्यात असते. तो एवढ्याशा फ्लॉपीत मावणं शक्य नाही. मग काय करायचं, तर कर्नलच्या यादीत एकेका उपकरणाची एकेक ओळ असते, तिच्यातून जे आपल्या घरी नाही त्याची ओळ बंद करत जायचं आणि उरलेल्याचा नवा, सडपातळ कर्नल बांधून घ्यायचा. या कामात वैजनाथ सरांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता. मेमरीची चणचण असायची ते दिवस. सरांचा कर्नल म्हणजे उपासाचं ताट.

त्या दिवसांत कर्नल बांधून व्हायला दुपार जायची. सर आज्ञा देऊन बाहेर पडायचे, निवृत्ती सोबत, गेटवर चहा. पाऊसपाणी, सोयाबीन, प्राचार्यांची नक्कल, सगळं बोलून व्हायचं. परत येताना जिन्यात निवृत्तीचा ठरलेला प्रश्न, "सर, शिजलं असंन का?" सरांनी आता लॅपटॉपवर ओळी बंद केल्या आणि आज्ञा दिली. ते चष्मा पुसेपर्यंत कर्नल तयार होता. इतक्या झटपट शिजणाऱ्या स्वयंपाकात माणसानं चहाला जायचं कधी, असं वाटून सरांना उगाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीला बस बदलून सर उंद्रीला उतरले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण या गावात निवृत्तीकडे पहिल्यांदाच येतोय. दर दसऱ्याला तो म्हणायचा, "सर, एकडाव घरी या न." दर दसऱ्याला सरांना काहीतरी काम असायचं.

निवृत्ती फाट्यावर उभा होता. वाळला होता. त्यानं सरांची पिशवी ओढून घेतली, तोंड उघडलं, आणि मग आठवून मिटलं.

घरी शालूबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "बसा सर. च्या मांडतो."

"आधी काम, मग चहा," सर म्हणाले. प्रयोगशाळेतला नियम. निवृत्तीनं बायकोकडे पाहून मान डोलावली, की बाई, हे असेच आहेत.

बैठकीत, भिंतीला टेकून, भरतकामाच्या रुमालाखाली कपिला होती. दर्शनी बाजूला ऑइलपेंटनं तिचं नाव, आणि नावावर हळदीकुंकवाचे थरच्या थर. दर दसऱ्याला नांगर, ट्रॅक्टर आणि कपिला, तिघांची पूजा व्हायची. सरांनी फ्लॉपी घातली तर ती आत जाईना. टॉर्च मारून पाहिलं. आत तांदूळ! वर्षानुवर्षांच्या अक्षता, फुलं वाहावीत तशा नेमक्या त्या फटीत वाहिलेल्या.

"अरे, तोंडात घातल्यास?"

निवृत्तीनं पाटीवर लिहिलं, "तिला दुसरं तोंड कुठं आहे?"

चिमट्यानं एकेक दाणा काढता काढता अर्धी सकाळ गेली. शालूबाईनं एकही दाणा जमिनीवर पडू दिला नाही. सगळे ओंजळीत घेऊन तुळशीत टाकले.

पुढचं संकट डिस्कचं. इतकी वर्षं निजलेली डिस्क फिरेना. सरांनी ती बाहेर काढली, हातात धरून मनगटाला एक झटका दिला, पुन्हा जोडली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा आतून बारीक शीळ निघाली आणि वाढत गेली. सरांनी श्वास सोडला. "आता हिला थांबू द्यायचं नाही. थांबली तर पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही. लाइट किती वाजता जाते?"

"दुपारच्याले जाते जी. आज लोडशेडिंगची बारी आपलीच हाय," गोविंदा म्हणाला.

फ्लॉपी कुरकुरत वाचली गेली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. निवृत्ती खाटेवरून उठून अगदी जवळ येऊन बसला, ओळी वर सरकताना पाहायला त्याला पहिल्यापासून आवडायचं. सरांनी डिस्क उघडली, जुन्या खणांतून फिरले, आणि फाइल सापडली. पूर्ण, धडधाकट. सरांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि वाजवायची आज्ञा दिली.

पडद्यावर एकच ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की असं उपकरण इथे नाही.

पुन्हा आज्ञा. पुन्हा तीच ओळ.

"बिघडली का जी?" गोविंदानं विचारलं.

सरांनी लॅपटॉप उघडला, कर्नलची यादी पाहिली, आणि कपाळावर हात मारला. आवाजाची ओळ बंद होती. त्यांनीच बंद केली होती. प्रयोगशाळेच्या मशीनला आवाज कशाला, म्हणून आयुष्यभर सर्वांत पहिली तीच ओळ ते उडवत आले. हातालाच तसं वळण पडलेलं. ज्यासाठी एवढी यातायात, तेच घरी ठेवून ते उंद्रीला आले होते. शरमेनं त्यांचे कान तापले.

निवृत्तीनं यादीत डोकावलं. ती ओळ त्याला ओळखू आली असावी, कारण त्यानं पाटीवर लिहिलं, "पोरांना पण तुम्ही हेच म्हणत होता. आवाज नको." आणि खांदे हलवत हसला. त्या हसण्यालाही आवाज नव्हता, ते सरांना पाहवेना.

ओळ चालू करून सरांनी कर्नल नव्यानं बांधला. फ्लॉपीत मावेना. थोडासाच, पण जास्त झाला. काय काढायचं? फालतू असं काही उरलंच नव्हतं. डिस्क काढली तर फाइल नाही. फ्लॉपी तर दारच. उरला पडदा. फाइल कुठे आहे ते आता ठाऊक होतं. वाजवायची आज्ञा फ्लॉपीतच लिहून ठेवली तर कपिला उठल्याबरोबर आपणहून वाजवील, पाहायची गरज नाही. पण मग काय चाललंय हेही कळणार नाही. चुकलं तर कुठे चुकलं ते कळायच्या आत लाइट जाईल.

"निवृत्ती, पडदा जाईल," सर म्हणाले. "काही म्हणता काही दिसणार नाही. नुसता आवाज. आला तर आला."

निवृत्तीनं पाटी बाजूला ठेवली. भरतकामाचा रुमाल उचलला, झटकला, आणि मॉनिटरवर घालून दिला.

सर कामाला लागले. निवृत्तीनं मागून खांद्यावर टिचकी मारली आणि पाटी पुढे केली. "शिजलं का?"

"तू लिहीस्तोवरच शिजलं रे," सर म्हणाले. दोघांनाही गेटवरचा तो चहा आठवला.

सरांनी डिस्क न थांबवता कपिला नव्यानं सुरू केली. फ्लॉपी कुरकुरली. मग शांत. शालूबाई आत चुलीपाशी होती; तिला आशेला लावायचं नाही म्हणून निवृत्तीनं तिला आवाजाचं काहीच सांगितलेलं नव्हतं. गोविंदानं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून कपिलेजवळ धरला. सरांनी यंत्रावर हात ठेवला, अंगात ताप आहे का पाहावं तसा. आत डिस्क फिरत होती, एवढंच कळत होतं. बराच वेळ काही नाही. सरांना वाटलं, झालं, घालवलं आपण.

मग खरखर. आणि एक तरुण, जरा आढ्यताखोर आवाज, "घरी बोलतोस तसं बोल." सरांना आपलाच आवाज ओळखायला क्षणभर लागला.

त्याच्यामागून, सगळं घर भरून टाकत, शेताच्या धुऱ्यावरून मारावी तशी मोकळी हाक.

"ओ गोविंदाची माय! च्या मांड वं, सर आले!"

"हाव जी, आली!" आतून उत्तर आलं. जराही न थांबता, भांड्याच्या आवाजासकट. "मांडतो, मांडतो!"

आणि मग आतलं भांडं खाली पडलं.

बाहेर निवृत्तीचे दोन्ही हात गळ्यावरच्या फडक्यावर गेले होते. शालूबाई दारात आली. हात ओले, पदर खांद्यावरून घसरलेला. तिनं कपिलेकडे पाहिलं नाही, गोविंदाच्या मोबाइलकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहत राहिली.

"किती दिसानं हाक मारली जी," ती म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली. कपिलेचा पंखा हळूहळू थांबला, डिस्कची शीळ उतरत उतरत बंद झाली. सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

शालूबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि चुलीकडे वळली. "सर, आता नाही म्हनू नका. यायनं सांगितलं हाय. च्या मांडून राह्यलो."

"मांडा," सर म्हणाले.