ओळीच्या शेवटी

शुक्रवारी दुपारी तिने आपल्याच लेखातला एक बरोबर शब्द पेनाने खोडला आणि त्याच्या जागी चुकीचा लिहिला. मग दुसऱ्या परिच्छेदातला एक पूर्णविराम उडवला. ‘मात्र’ दोनदा आणला. अशा एकूण सहा चुका केल्या. रकान्याच्या डाव्या कडेला दोन, मधोमध दोन, उजवीकडे दोन, अगदी मोजूनमापून.

संगणकावर वर्तमानपत्राचं पान लावणारी मुलगी तो प्रुफाचा कागद हातात धरून तिच्याकडे बघत राहिली.

"बाई, हे सगळं बरोबर होतं."

"माहितेय. सांगते तसं कर."

"आणि संपादकांनी विचारलं तर?"

"माझं नाव सांग. आरोग्याचं पान ते वाचत नाहीत. वाचत असते तर एव्हाना बारीक झाले असते."

पान लावणारी हसली आणि एकेक चूक घालू लागली. हजारो वाचकांनी ‘मात्र’ दोनदा वाचलं म्हणून कुणाचा मोतीबिंदू वाढणार नव्हता, अशी लेखिकेने स्वतःची समजूत घातली. आकडे आणि औषधांच्या ओळींना तिने हात लावला नव्हता. तेवढी लाज तिला होती.

कचेरीत तिला डॉक्टरीणबाई म्हणत. विज्ञानाशी तिचा संबंध दहावीलाच तुटला होता. पुढचं सगळं ती फोनवर डॉक्टरांचं डोकं खाऊन शिकली. दर रविवारी ‘नवे संशोधन’ लिहायचं, याला आता अकरा वर्षं झाली होती. या आठवड्याचा लेख डोळ्यांवर होता. दृष्टिपटलाच्या नुसत्या फोटोवरून हृदयाच्या तब्येतीचा अंदाज बांधता येतो का, हे संशोधक तपासताहेत. मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्यांमध्ये विसराळूपणाचा आजार कमी दिसतो, पण त्यामुळेच कमी होतो असं अजून कुणी ठामपणे सांगितलेलं नाही. हे ‘दिसतो’ आणि ‘अजून’ तिच्या वडिलांनी तिच्या हाडीमाशी मुरवलं होतं. ‘असू शकतं’चं ‘आहे’ करू नकोस, लोक गोळ्या बंद करतात, असं ते म्हणत.

वडील छत्तीस वर्षं त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती लेकीचा लेख तेवढा उरला. रविवारी सकाळी तो तांबड्या शाईने तपासायचा, कापून ठेवायचा आणि ती दुपारी आली की तिच्या हातात द्यायचा, असा नेम. त्यांच्या तोंडून निघालेलं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे ‘चालेल’. तेही दोनदाच.

पण गेले चार रविवार कात्रणं कोरी येत होती. पहिल्यांदा तिला आनंद झाला. मग एका वाचकाने फोन करून सांगितलं, बाई, एक अख्खा शब्द गळालाय तुमच्या लेखात, वाक्याचा अर्थ लागत नाही. तिने कात्रण काढून पाहिलं. शब्द खरंच गळाला होता आणि वडिलांनी तिथे काहीच खूण केली नव्हती. ज्या माणसाला लग्नपत्रिकेतला चुकलेला स्वल्पविरामही सोसत नसे, त्याच्या नजरेतून अख्खा शब्द निसटला होता. लेखासाठी तिने काचबिंदूबद्दल पुष्कळ वाचलं होतं. दुखत नाही, खुपत नाही, डोळ्यांपुढे काळं काही येत नाही. नजरेचा एखादा तुकडा गुपचूप जातो आणि ती जागा मेंदू आपल्या मनाने भरून काढतो. माणसाला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय. विचारलं असतं तर वडील म्हणाले असते, मला काय धाड भरलीय? म्हणून या सहा चुका. कुठल्या बाजूच्या सुटतात ते तिला बघायचं होतं.

रविवारी दार उघडल्याबरोबर त्यांनी कात्रण पुढे केलं. खाली बरोबरची एक खूण होती. बाकी कागद कोरा.

"एकही नाही?" तिने विचारलं.

"छान झालाय लेख."

छान. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. उजवीकडच्या सुटतील, नाहीतर डावीकडच्या, एवढीच तयारी करून ती आली होती. सहाच्या सहा सुटतील असं काही तिच्या मनात आलं नव्हतं. बाबांना जिना दिसत असेल का? गॅसची शेगडी? आई गेल्यापासून ते एकटेच तर राहत होते.

डोळे दाखवायला जाऊ या, असं तिने शेवटी एका दमात सांगून टाकलं आणि भांडणासाठी पदर खोचून बसली. भांडण झालंच नाही. वडिलांनी बशी पुसून ठेवली आणि जाऊ म्हणाले. अट एकच, तिनेही तपासून घ्यायचं. सगळ्या तपासण्या, त्यांच्या होतील तेवढ्या. एकट्याला भीती वाटते म्हणाले.

भीती वाटते असं हा माणूस कधी आईच्या आजारपणातही म्हणाला नव्हता. तिने तिथूनच फोन करून बुधवारच्या दोन वेळा घेतल्या.

दवाखान्यात वडिलांना आधी आत घेतलं. जाताना त्यांनी आपली कापडी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. दहा-पंधरा मिनिटांनी खिडकीतल्या बाईंनी आजोबांच्या चष्म्याचा जुना नंबर मागितला, म्हणून तिने पिशवीत हात घातला. नंबराचा कागद नाही, एक पाकीट हाताला लागलं. आत कात्रणं होती. तिच्याच लेखांची, पाच. पाचही तांबड्या शाईने तपासलेली.

कोरी कात्रणं मग कुठली? खालच्या मजल्यावरचे शेजारी तेच वर्तमानपत्र घेतात, हे तिला आठवलं.

तिने सर्वांत वरचं कात्रण उलगडलं. उडवलेला पूर्णविराम, दुसरा ‘मात्र’, सगळं सापडलेलं होतं. सहाच्या सहा. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच दमात म्हाताऱ्याचा असा राग आला की हसूच फुटलं. नजर शाबूत आहे, आणि चार-पाच आठवडे मला घोळात घेतलं! घरी गेल्यावर बघते यांच्याकडे, असं म्हणत तिने खुणा पुन्हा मोजल्या, नुसत्या मजेखातर.

नऊ भरल्या.

तिने बोट ठेवून ठेवून मोजल्या. सहा तिच्या होत्या. उरलेल्या तीन तिने केलेल्या नव्हत्या. एक गळालेलं अक्षर, एक चुकलेली वेलांटी, एक अर्धवट तुटलेला शब्द. तिन्ही उजव्या कडेला, ओळ संपता संपता. शुक्रवारी तेच प्रूफ तिने दोनदा वाचलं होतं.

बाकीची चार कात्रणं तिने मांडीवर पसरली. सगळ्या खुणा उजव्या कडेने खाली उतरत गेलेल्या. कडेच्या कोऱ्या जागेत वडिलांनी पेन्सिलीने अगदी बारीक लिहून ठेवलं होतं. पहिल्या आठवड्याला, ‘घाई?’ दुसऱ्याला, ‘झोप होत नसेल.’ तिसऱ्याला, ‘उजवी कड.’ चौथ्याला, ‘पुन्हा उजवी कड.’ पाचव्यावर काही नव्हतं.

वडील रुमालाने डोळे पुसत बाहेर आले. मागोमाग तपासणारी बाई सांगत होती की आजोबांना वयाप्रमाणे थोडा मोतीबिंदू आहे, बाकी काळजीचं काही दिसत नाही, डॉक्टर बोलतीलच. वडिलांनी लेकीच्या मांडीवरचे कागद पाहिले आणि शेजारच्या खुर्चीत हळूच बसले.

"सांगायचं ना, बाबा."

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

वेळ मिळाला की जाईन, असंच ती म्हणाली असती. चाळिशी उलटली की डोळे तपासून घ्या, असं तिने अकरा वर्षांत चारदा लिहिलं होतं. तिला आता एकोणपन्नासावं चालू होतं.

"माझ्यासाठी मात्र तीन दिवसांत वेळ काढलास," ते म्हणाले. मग कात्रणं एकावर एक नीट लावत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "पहिले दोन आठवडे मी उगाच घालवले गं. वाटलं, दमली असेल, कशाला खुणा दाखवून टोचायचं."

तिने त्यांच्या हातातले कागद काढून घेतले आणि तो हात धरून ठेवला, आतून हाक येईपर्यंत.

आतली खोली अंधारी होती. नातेवाईकांना तिथे बसू देत नसत. तोंडातून शब्द काढणार नाही, असं वडिलांनी कबूल केल्यावर बाईने त्यांना दाराशी एक स्टूल दिलं. तिची हनुवटी टेकवायला लावली, डावा डोळा झाकला, हातात बटण दिलं. समोर मोठ्या वाडग्यासारखा पांढरा पोकळ गोल होता.

"मधल्या ठिपक्याकडेच बघायचं. कुठेही उजेड चमकला की दाबायचं. सगळे दिसायलाच हवेत असं काही नाही."

वर एक चमकला. तिने दाबलं. डावीकडे. दाबलं. पुन्हा डावीकडे, खाली, अगदी मंद, तरी तिने टिपला. आपल्याला जमतंय, असं तिला वाटलं.

मग यंत्रातून टक् असा आवाज आला आणि कुठेच काही चमकलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तिच्या लक्षात आलं, प्रत्येक उजेडाआधी यंत्र असं वाजत होतं. म्हणजे न बघताही दाबता आलं असतं. नुसत्या आवाजावर, ठेका धरून, सगळेच्या सगळे. कागदावर सगळं बरोबर आलं असतं आणि दोघं घरी जाऊन चहा प्यायले असते.

अंगठा बटणावर होता. मागे स्टूल जरासं करकरलं आणि गप्प झालं.

टक्.

तिने ठिपक्यावरची नजर हलवली नाही आणि अंगठा उचलून बाजूला धरला.