शेपटीची खीळ

ग्लायडर जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, असा आमच्या रँचवर नियम आहे. या बिनइंजिनाच्या विमानाचे पंख, शेपूट सगळं ट्रेलरमधून काढून सकाळी जोडायचं. एक खीळ राहिली की वर शेपूट निखळतं, मग देव आठवायलाही वेळ नाही. नियम थॉर्नसाहेबांचा. रँच त्यांची, धावपट्टी त्यांची, आणि नियम मोडणारेही तेच.

त्या सकाळी वारा अगदी पडला होता. नेवाडात जन्म गेला माझा. पडलेला वारा मला आवडत नाही. साहेब आणि माझा धाकटा भाऊ एनेको शेजारीशेजारी आपापली ग्लायडरं जोडत होते. दोन्ही एकाच बनावटीची. साहेबांच्या तोंडाची टकळी चालूच.

"काय रे एनेको, लग्न कधी करतोस? का आभाळाशीच लावलंयस?"

एनेको मान खाली घालून काम करत राहिला. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, नियम!"

"अगं माइते, नियम तुमच्यासाठी गं!"

दोघंही उडाले. तोवर सिएरा पर्वताच्या माथ्यावर भिंगासारखे ढग उभे राहिले होते. त्यांच्याखालची हवा ग्लायडरला पिंजून टाकते. मी ट्रेलरांची दारं लावायला गेले, तर दोन ट्रेलरांच्या मधे वाळूत एक खीळ पडलेली. शेपटीची.

मी झटकन वॉकीटॉकी उचलला.

"एनेको, खाली ये. तुझी खीळ राहिलीय."

"लावली गं ताई. नक्की."

"आईची शपथ घे."

शपथ घ्यायला तो धजला नाही. मग म्हणाला, "येतो."

मधेच वॉकीटॉकीवर साहेबांचं हसू. "भित्री भागूबाई! मी चाललो बघ त्या ढगाखाली."

एनेको उतरेपर्यंत मी श्वास घेतला की नाही, ठाऊक नाही. ग्लायडर थांबताच धावत जाऊन शेपूट चाचपलं. खीळ जागच्या जागी होती. मी रडत रडतच त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"म्हटलं नव्हतं?" तो हसला. मग माझ्या मुठीकडे बघून थबकला. "ताई, मग ही कुणाची?"

भाऊ म्हटलं की जीव तिकडेच धावतो. दुसरा विचार मला शिवलाच नव्हता.

"साहेब, मागे फिरा! साहेब, ऐकताय ना?"

नुसती खरखर. मी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा हाक मारली. इतकी वर्षं ज्यांनी गप्प बसावं म्हणून मी जीव तोडून सांगितलं, ते साहेब आता बोलत नव्हते.