एवढंच काढायचं

नाव: कृष्णाजी. वय: अठ्ठावन्न. धंदा: शिंपी, मल्लेश्वरम, बंगळूर.
शस्त्रक्रिया: एक्सिजन, उजवी तर्जनी.

संमतीपत्रावर इतकंच होतं. मुलीनं, रूपश्रीनं, शब्दकोश उघडला. "कापून काढून टाकणे," असं मोठ्यानं वाचलं आणि बापाकडं बघायचं टाळलं.

बोटावरची गाठ लिंबाच्या बीएवढी. पण कागदावर गाठ नव्हतीच. बोट होतं. त्या बोटाच्या आणि अंगठ्याच्या चिमटीत चाळीस वर्षं सुई होती.

सही:
(रिकामी.)

"सही करा ना काका, थिएटर तयार आहे," डॉक्टर स्मिता म्हणाल्या. पुण्याहून इथं येऊन त्यांना वर्षच झालं होतं.

"अक्का, मी कापडावर आधी खडूनं रेघ मारतो. गिऱ्हाइकाला दाखवतो. मग कात्री. तुम्ही तर अख्खं बोटच लिहून ठेवलंय."

"अण्णा, डॉक्टरांशी असं बोलतात का?" रूपश्री कुजबुजली.

स्मितांनी कागद ओढून घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"अगं बाई, माझंच चुकलं. एक्सिजन लिहिताना काय काढायचं ते आमच्या डोक्यात असतं. तुम्हाला कसं कळणार?" त्यांनी त्या ओळीत 'गाठ' हा शब्द घातला. "गाठ जाणार. बोट राहणार."

"दाखवा."

त्यांनी पेननं बोटावरच गाठीभोवती रेघ काढली. कृष्णाजींनी बोट उजेडात धरलं.

"रेघ स्वल्प आत घ्या."

"नाही काका. एवढी कड घेतली नाही, तर गाठ परत येईल."

"सरी, चालेल." कृष्णाजींनी सही केली.

शस्त्रक्रियेनंतर:
बाराव्या दिवशी पट्टी सुटली. बोट वाकलं. अर्धं. मग आणखी थोडं. मग अंगठ्याला टेकलं.

स्मिता बघत होत्या. कृष्णाजींनी बोट डोळ्यांजवळ नेलं.

"सात टाके. सगळे एकसारखे. शेवटचा मात्र, अक्का, जरा ओढलाय."

"घ्या! आजवर माझ्या टाक्यांना कुणी नावं ठेवली नव्हती."

"नावं नाही हो ठेवत." त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. "तुम्ही माझ्या दुकानात असता, तर लग्नाचे ब्लाउज तुमच्याकडंच दिले असते."

स्मिता हसल्या. रूपश्री हसली नाही. अण्णांनी लग्नाचा ब्लाउज आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती शिवायला दिलेला तिनं पाहिला नव्हता.