काठाला पोचा असलेली वाटी

"अहो, ती नका खाऊ!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. तोपर्यंत बाबांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली होती.

"नैवेद्याचा शिराच तर आहे. काय झालं?"

आईने वाटी उचलली आणि घाईघाईने विसळली. ती घाई मला खटकली.

काठाला पोचा आलेली ती वाटी साकेतदादाची. दिवाळीपासून तो घरात शिजलेलं खात नव्हता. केळी, संत्री, स्वतः सोललेली उकडलेली अंडी, एवढंच. जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतं, असं त्याला वाटायचं. स्किझोफ्रेनियात अशी शंका येते, हे नौपाड्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. गोळ्यांचं विचारलं की आई म्हणायची, "ते मी बघते." नैवेद्याची वाटी मात्र दादा रोज संपवायचा. प्रसादाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

दुपारी बाबांना शीळफाट्याला लग्नाला जायचं होतं. बूट घालता घालता त्यांची जीभ जड झाली आणि ते सोफ्यावर कलंडले.

मी ओट्याकडे गेले. वेलदोडे कुटायच्या खलबत्त्यात तळाशी पांढरी पूड चिकटली होती. वेलदोड्याचा वास नव्हता. जिभेच्या टोकाला लावली. कडू.

"आई, कधीपासून?"

"हळू बोल. हातातून घेतच नव्हता गं तो. काय हातपाय बांधून घालू? त्याला ऐकू येणारे आवाज कमी झालेत, दिसत नाही तुला? देवाला सांगून देते मी."

"देवाला सांगितलंस. त्याला नाही."

मी डॉक्टरांना फोन लावला. बाबांना कुशीवर झोपवा, जवळ बसा, हाक मारून बघत राहा, उठेनासे झाले तर लगेच हॉस्पिटलला न्या, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि उद्या सगळेच या."

फोन ठेवला तर दारात दादा.

"बाबांना काय झालं?"

"उन्हातून आले ना," आई म्हणाली.

"सकाळपासून घरातच आहेत ते." त्याची नजर ओल्या वाटीवर गेली.

खोटं बोलले, तर त्याची खरी शंकाही आजारात जमा होणार. खरं बोलले, तर ही एक वाटीही जाणार, आणि तिच्याबरोबर औषधही.

"दादा, तुझ्या शिऱ्यात गोळी होती. आई रोज घालते. आज बाबांनी चुकून तुझी वाटी खाल्ली."

आईने गॅसचं बटण फिरवलं. गॅस बंदच होता.

दादा हसला. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"एवढ्यापुरतं. बाकी कोणी काही घालत नाही."

"तुला कसं माहीत? हेसुद्धा तुला आजच कळलं ना?"

मी बाबांना कुशीवर वळवलं.

तो बाबांजवळ जमिनीवर बसला. "बाबा, डोळे उघडा." बाबांनी अर्धवट उघडले, पुटपुटले, "लग्नाला जायचंय रे," आणि पुन्हा मिटले.

"मलापण रोज दुपारी असंच व्हायचं," तो म्हणाला. "मला वाटायचं, शेजारचे करतात." मग उठला. "गोळ्यांचं पाकीट दे. न फोडलेलं."

आईने फ्रीजवरच्या डब्यातून नवं पाकीट काढून दिलं. त्याने ते उजेडात उलटसुलट करून पाहिलं, खोलीत गेला आणि दार लावलं. आतून चंदेरी कागद फाटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"घेतली का बघ ना गं फटीतून," आई कुजबुजली.

मी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "नाही, आई. आता असं बघायचं नाही."

"आणि फेकली असेल तर?"

"तर उद्या डॉक्टरांसमोर त्यालाच विचारू."

ती पुन्हा ती वाटी घासायला लागली. मी बाबांना हाक मारली. त्यांनी हुंकार दिला.

"उर्वी!" आतून दादा. "पाणी आण."

आईने लगेच माठातून पेला भरला.

"बाटलीतलं," तो म्हणाला. "सील तोडू नकोस."

घरात तशी बाटली नव्हती. मी चपला अडकवल्या आणि जिना उतरत खाली दुकानाकडे पळाले.